डाव्या हाताचा दांडा

मिस्त्रींच्या लेकीला जुळं झालं, ते साल. त्याच साली मिस्त्रींनी गाडीतली न्हाणी फोडून पुन्हा बांधली. आधी जुळं झालं आणि मग न्हाणी फुटली, हा क्रम काकूंच्या पक्का लक्षात आहे. जुळं झालं नसतं तर न्हाणी फुटलीच नसती.

गाडी म्हणजे राहती गाडी. मिस्त्री बसगाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात अडतीस वर्षं होते. त्यांची बायको, म्हणजे काकू, त्याही तिथेच, सीटच्या खात्यात. मिस्त्री पत्रा ठोकायचे, काकू सीटची कव्हरं शिवायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघं एका बाकावर बसून एक शब्दही न बोलता जेवायची. लोक म्हणायचे, यांचं बिनसलंय. बिनसलं वगैरे काही नव्हतं. दिवसभर मशीनच्या वर आवाज चढवून बोलल्यावर दोघांनाही गप्प बसण्याची चैन हवी असायची.

निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा मिस्त्रींनी भंगारात निघालेली एक लांबडी मिनीबस घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यात घर बांधलं. पलंग, शेगडी, भिंतीला मिटणारं टेबल आणि मागच्या टोकाला न्हाणी. त्या घरातून दोघं सहा वर्षं हिंडली. मग एका सकाळी काकूंच्या हातातली बशी खाली गेली, आणि ती गेली हे त्यांना आवाजावरून कळलं. त्या दिवसापासून डावं अंग बधिर. पाय फरफटत का होईना चालायचा. हात नुसता खांद्याला टांगलेला. गाडी कारखान्याच्या मागच्या आवारात भिंतीच्या कडेला कायमची उभी राहिली. मालकानं पाण्याची नळी आणि विजेची तार ओढून दिली आणि वर म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही इथून गेलातच कधी?"

आता न्हाणीचं सांगायचं तर ती दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल होती. वळणावर गाडी कलली तरी पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिला नऊ इंचांचा उंबरा. डोक्याला साबण लावायला हात वर केला की कोपर भिंतीवर आपटलंच समजा. काकूंचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यातल्या नव्या गाड्या गिऱ्हाइकांकडे पोचवायचा. त्याला झाडून सगळे ड्रायव्हर म्हणायचे. तो एकदाच त्या न्हाणीत आंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, "दाजी, न्हाणी झकास आहे. हातातून साबण सुटला तरी खाली पडायला जागा नाही."

खरं तर ती पावणेतीन फूट रुंद व्हायची होती. मिस्त्रींनी गाडीच्या रिकाम्या तळावर खडूनं घर आखलं तेव्हा काकूंनी न्हाणीच्या चौकोनात उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहिले होते. पुढच्या सुट्टीला आल्या तर खडूची रेघ नऊ इंच आत सरकलेली. शेजारी हत्यारांचं कपाट यायचं होतं आणि मिस्त्रींचा लांब करवतीचा खोका आडवा मावत नव्हता. "हत्यारं कोरडी राहायला हवीत," मिस्त्री म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. सहा वर्षं कोपर आपटत राहिलं, तेही त्या बोलल्या नाहीत. आपटणारं कोपर डावं होतं. आता ते आपटलं तरी कळत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आंघोळ म्हणजे एक मोठं प्रकरण झालं. त्या न्हाणीत दोन माणसं मावणं शक्यच नव्हतं. आधी लेक आठवड्यातून दोनदा यायची, आणि मधल्या दिवशी मिस्त्री. काकू उंबऱ्याच्या आत स्टुलावर, मिस्त्री बाहेर गुडघ्यांवर, आणि पाणी अर्धं आत, अर्धं मिस्त्रींच्या अंगावर. दार उघडंच. काकू तेवढा वेळ वर बघत बसायच्या. छताच्या पत्र्यात ठोकलेली चौसष्ट रिबिटं होती. लाज वाटायची थांबली होती, राग यायचा थांबला होता. कोणी तरी एक बाई आहे, तिला धुताहेत, आणि आपण रिबिटं मोजतोय. डाव्या खांद्यावर पाणी पडतंय हेसुद्धा बघून ओळखावं लागायचं.

जुळं झाल्यावर लेकीचं येणं बंद झालं. जुळं तीन आठवड्यांचं असताना ती एकदा आली, मुलं सासूबाईंकडे ठेवून, घड्याळाकडे बघत बघत. पलंगाच्या कडेवर बसली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. शहराच्या त्या टोकाला एक संस्था आहे. स्वच्छ आहे. रोज आंघोळ घालतात, त्यासाठी बायका ठेवल्यात. तिनं एक जागा बोलून ठेवलीय.

"आई, मी वाईट नाहीये."

"मी कुठं म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हणालीस. बाबांचं वय बघ. तुला उचलताना ते पडले तर तुम्हा दोघांना उचलायचं कुणी? मी? माझ्या दोन्ही खांद्यांवर आधीच एकेक आहे."

"आणि बाबा कुठं राहणार?"

"बाबा इथंच. ते काय, मजेत राहतील. त्यांना कारखाना आहे."

मिस्त्री दारात उभे राहून चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाला, तरी पुसतच राहिले. मग म्हणाले, "तिला एकटीला आंघोळ करता आली तर?"

"एकटीला? दार लावून? कुणी हात न लावता?"

"हो."

"बाबा, तसं झालं तर मी त्या संस्थेचं नाव काढणार नाही. पण पोरं दोन महिन्यांची होईस्तोवरच हं. त्यांनी जागा तेवढेच दिवस धरून ठेवलीय." मग आईकडे वळून म्हणाली, "तुला काय पाहिजे ते तरी सांग ना, आई. सगळं आमच्यावर सोडून छताकडे काय बघत बसतेस?"

काकूंना काय पाहिजे होतं ते अगदी लहान होतं, म्हणून सांगायला अवघड. त्यांना दार लावायचं होतं. आत आपण एकटं, बाहेर जग, मध्ये दार. संस्थेत आंघोळ घालायला बायका ठेवल्यात म्हणजे तिथं दार लागणार नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

"दार," त्या म्हणाल्या.

"कसलं दार?"

"काही नाही. तू जा, पोरं उठली असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी हत्यारांचं कपाट रिकामं केलं. काकू खिडकीशी खुर्चीत बसून बघत होत्या. करवती, रंधे, तीन हातोड्या, रिबिटं मारायचं यंत्र, पत्रा कापायच्या कात्र्या. एकेक वस्तू मिस्त्रींनी फडक्यानं पुसली, आवारातल्या ताडपत्रीवर मांडली आणि कारखान्यातल्या लोकांना हाक मारली. "लागेल ते न्या." लोक आधी लाजले, मग आले, मग भराभर नेऊ लागले. ज्या हातोडीला एके काळी काकूंनी खिळा ठोकायला हात लावला म्हणून मिस्त्री दोन दिवस घुम्यासारखे बसले होते, ती हातोडी एका रंगाऱ्यानं खाकेत मारून नेली. मिस्त्रींनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"दाजींना झालंय काय?" ड्रायव्हर खिडकीशी येऊन काकूंना म्हणाला. "मी आजवर साधा पाना मागितला तर माझ्याकडून शपथ घ्यायचे."

"कपाट जाणार ना. ठेवणार कुठं?"

"हं," ड्रायव्हर म्हणाला, आणि ताडपत्रीची दुमडलेली कड सरळ करायला गेला.

काम सुरू झालं, कारखान्यातून रोज मागून आणलेल्या हत्यारांवर. आधी मधली भिंत गेली. प्लाय इतका घट्ट बसवलेला की मिस्त्रींना स्वतःच्याच कामाला शिव्या घालाव्या लागल्या. मग न्हाणीच्या तळाचा जुना फायबरचा ट्रे निघाला, त्याखाली सहा वर्षांचा साबण. मग उंबरा. मिस्त्रींनी उंबऱ्यावर हात ठेवला आणि काकूंकडे पाहिलं. नऊ इंच ठेवला तर काकूंचा डावा पाय त्यावरून जाणार नाही. कापला तर चालत्या गाडीत सगळं पाणी पलंगाखाली येणार.

"किती ठेवू?"

"तुम्हीच सांगा."

"दीड इंच ठेवतो. गाडी उभीच राहणार असेल तर दीड पुरतो."

"मग दीडच ठेवा."

त्यांनी उंबरा कापला. गाडी आता कुठं जाणार नाही, हे त्या घरात तेवढंच काय ते बोललं गेलं.

रोज सकाळी दोन तास आणि दुपारी एक तास, एवढंच काम व्हायचं. सहा स्क्रू पिळले की मिस्त्री बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे. श्वास आत जाताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. एकदा काकूंना डुलकी लागलीय असं समजून ड्रायव्हर म्हणाला, "दाजी, डॉक्टर काय म्हणाला ते ताईला सांगणार आहात की नाही?" मिस्त्री म्हणाले, "ट्रे बसू दे." काकूंनी ऐकलं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, सांगितलं असतं तर लेकीच्या कानावर गेलं असतं, आणि मग काम तिथंच थांबलं असतं. त्यांना या गोष्टीचं वाईट वाटायला हवं होतं. वाईट कुठं तरी होतंही, जसा डावा हात होता. दिसत होता, लागत नव्हता.

सीट कुठली घालायची यावर तीन दिवस गेले. लाकडाची कुजते, प्लास्टिकची हलते. शेवटी मिस्त्री भंगाराच्या ढिगातून एक लोखंडी घडी घेऊन आले. जुन्या गाड्यांत कंडक्टरला बसायला भिंतीला मिटणारी सीट असायची, तीच. सांगाडा घासून, रंगवून त्यांनी तो न्हाणीच्या मागच्या भिंतीला ठोकला.

"झालं!" ड्रायव्हर म्हणाला. "ताई, आता दाजींना तिकीट काढल्याशिवाय आत घ्यायचं नाही."

"त्यांना आत घ्यायचंच नाहीये," काकू म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर चाललंय सगळं."

ड्रायव्हर खो खो हसला. मिस्त्रीही हसले, आणि हसता हसता खोकले, आणि खोकत खोकत बाहेर गेले.

सीटचं कव्हर मात्र काकूंनी दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. निळं रेक्झिन निवडलं. शिवण वरच्या बाजूला आली तर पाणी आत झिरपणार आणि महिन्याभरात गादीला वास येणार, म्हणून शिवण खालून घ्यायची, तीही दुहेरी. हे सगळं माहीत असलेला एक हात होता, दुसरा नव्हता. मग मिस्त्री समोर बसले.

"रेक्झिन धरा. असं नाही. चिमटीत. ताणून."

"ताणलंय."

"हे ताणलंय? पत्र्याला हे चालत असेल. माझा डावा हात आहात ना तुम्ही? मग डाव्या हातासारखं वागा, मध्ये बोलू नका."

मिस्त्री बोलले नाहीत. काकूंनी उजव्या हातानं सुई घातली, मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूनं ओढून परत दिली. काकू म्हणतील तिथं त्यांनी बोटं सरकवली. दोनदा सुई त्यांच्या बोटात गेली. काकू म्हणाल्या, "लागलं?" मिस्त्री म्हणाले, "डाव्या हाताला काही कळत नाही." हे ते चेष्टेनं म्हणाले की कसं, ते त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. चार दुपारी लागल्या. कव्हर असं बसलं की एक सुरकुती नाही.

नळ कुठं घ्यायचा हे ठरवायला मिस्त्रींनी एक युक्ती केली. ते कपडे घालून नव्या न्हाणीत शिरले, सीटवर बसले, दाराकडे तोंड केलं आणि स्वतःचा डावा हात कमरेच्या पट्ट्यात अडकवून टाकला. मग उजव्या हातानं जिथं सहज पोचलं तिथं पेन्सिलीनं खुणा केल्या. नळ इथं, साबण इथं, हातात धरायच्या शॉवरची खुंटी इथं. गरम पाण्याची चकती त्यांनी अशी अडवून टाकली की एका खुणेपुढं ती फिरायचीच नाही. काकूंच्या डाव्या अंगाला चटका बसला तरी कळणार नव्हतं. अर्धा तास ते तसे हात बांधून बसले होते. काकूंना वाटलं, झोप लागली की काय. डोकावून पाहिलं तर मिस्त्री आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत होते.

"काय बघताय?"

"मुंगी चढलीय. हलवता येत नाहीये."

"पट्ट्यातून काढा की."

"तुला काढता येतो?" मिस्त्री म्हणाले, आणि मुंगी दंडापर्यंत जाईस्तोवर तसेच बसून राहिले.

शेवटी धरायचा दांडा राहिला. स्टीलचा, बसमध्ये असतो तसाच, बसमधलाच. त्या दिवशी काकू तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या होत्या, ड्रायव्हरनं नेलं होतं. त्यांच्या माघारी मिस्त्रींनी दांडा बसवून टाकला. भिंतीच्या आत गाडीची लोखंडी फासळी कुठं आहे हे त्यांना डोळे मिटून माहीत. तिच्यात चार बोल्ट, मागून पट्टी, कडेनं सिलिकॉन. हत्ती लटकला तरी हलणार नाही असं काम. काकू परत आल्या तेव्हा मिस्त्री बादलीवर बसले होते आणि त्यांच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. "बघ," एवढंच म्हणाले.

काकू न्हाणीच्या तोंडाशी गेल्या. उजवा हात पुढे केला. तिथं गुळगुळीत पत्रा होता. दांडा डावीकडे होता.

गाडीत चढणाऱ्याच्या डाव्या हाताला दांडा. अडतीस वर्षं मिस्त्रींनी दांडा तिथंच बसवला होता. किती शे गाड्यांना, त्याची गणती नाही. न्हाणीत बसून खुणा करताना त्यांनी हात बांधून घेतला होता, पण आत शिरताना तो मोकळा होता. त्यांनी आपल्या नकळत डावीकडचा पत्रा धरून पाऊल आत टाकलं होतं, आणि मग हात बांधला होता. चढायचं कसं, हे बांधलेल्या हातानं त्यांनी करून पाहिलंच नव्हतं.

ड्रायव्हरच्याही लक्षात आलं. त्यानं तोंड उघडलं. काकूंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की ते मिटलं.

त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. सिलिकॉनचा डाग गालावर वाळलेला. हात मांडीवर पालथे पडलेले. हा दांडा काढायचा म्हणजे पुन्हा पत्रा उघडायचा, चार बोल्ट, नवी भोकं, जुन्या भोकांना ठिगळ. हत्यारं तर वाटून टाकलेली, म्हणजे पुन्हा मागून आणायची. आणि लेक यायला पाच दिवस राहिलेले. हा माणूस ते सगळं करील, आज रात्री सुद्धा करील, आणि त्यानंतर काय होईल ते काकूंना त्या शिट्टीवरून दिसत होतं.

"कसाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"छान आहे."

"धरून बघ की."

काकू तशाच उभ्या राहिल्या. मग त्या जागच्या जागी वळल्या. हळूहळू, उजव्या पायावर, एकेक पाऊल घेत, न्हाणीकडे पाठ होईपर्यंत. आता दांडा उजव्या हाताला होता. त्यांनी तो धरला. गार होता. दीड इंचाच्या उंबऱ्यावरून आधी उजवी टाच मागे गेली, मग बधिर पाय ओढला गेला, मग मांडीच्या मागे निळं रेक्झिन लागलं आणि काकू बसल्या. तोंड दाराकडे, नळ उजव्या हाताला, साबण उजव्या हाताला, दांडा उजव्या हाताला. सगळं जिथल्या तिथं.

मिस्त्री बघत राहिले. कारागीर माणूस, चूक पकडायला कितीसा वेळ लागणार. त्यांच्या डोळ्यांत ती चढताना काकूंना दिसली.

"मी... उलटा बसवला," ते म्हणाले.

"उलटा कुठं? बरोबर आहे. सुलटं आत शिरले असते तर आत गेल्यावर वळायला लागलं असतं. तेवढी जागा तुम्ही अजून तरी दिलेली नाही."

ड्रायव्हर लगेच म्हणाला, "ताई, डेपोत गाडी अशीच लावतात. मागनं घ्यायची, म्हणजे निघताना सरळ निघते."

"तू तुझी गाडी सांभाळ," काकू म्हणाल्या. मग मिस्त्रींना म्हणाल्या, "आता बाहेर व्हा दोघं. मला दार लावून बघू दे."

दार सरकतं होतं. एका बोटानं लागलं. आत काकू होत्या, कोरड्या, कपड्यांसकट. छतावर बघायला त्यांना रिबिटं सापडली नाहीत. मिस्त्रींनी नवा अखंड पत्रा लावला होता. पाच मिनिटं त्या नुसत्या बसल्या. काही वाटलं नाही. पण बाहेर यावंसंही वाटलं नाही.

लेक आली ती रविवारी, जुळं बरोबर घेऊन. एक ड्रायव्हरच्या मांडीवर, एक तिच्या. मिस्त्री बादलीवर. काकू गाऊन खांद्यावर टाकून पाठमोऱ्या आत गेल्या आणि दार लावलं. पाणी सुरू झालं.

"आई!"

"काय?"

"ठीक आहेस ना?"

"आहे."

दोन मिनिटांनी पुन्हा, "आई!"

"गप्प बस गं. आंघोळ करू दे सुखानं."

पंचवीस मिनिटं लागली. काकू पुढचं बटण वरखाली लावून, केसांतून पाणी गळत, दांडा धरून सरळ चालत बाहेर आल्या. लेकीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मागं जाऊन पाहिलं.

"मानेवर फेस राहिलाय," ती म्हणाली.

"राहू दे. माझा आहे."

लेक हसली आणि लगेच रडली, मग पोरगं रडायला लागलं म्हणून तिला आपलं रडणं आवरतं घ्यावं लागलं. संध्याकाळी तिनं संस्थेत फोन करून जागा सोडली.

त्यानंतर मिस्त्रींना फारसं काम उरलं नाही. त्यांनी स्वतःसाठी एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर तेवढा ठेवला होता. ते न्हाणीबाहेर, काकूंच्या उजव्या हाताच्या उंचीवर, खिळ्याला अडकवले. नळ गळायला लागला तर मागचा कॉक बंद कसा करायचा, नळाचं डोकं गुडघ्यानं दाबून धरून पाना कसा फिरवायचा, जुना वायसर काढून नवा कसा घालायचा, हे सगळं त्यांनी काकूंना एका हातानं करायला लावलं. एकदा नाही, सात-आठ वेळा. चांगला नळ खोलायचा आणि पुन्हा लावायचा.

"तुम्ही असताना मी कशाला शिकू?" असं काकू एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या शिकल्या. नंतर आजवर त्यांनी तीन वायसर बदललेत, एकही गळत नाही.

डॉक्टर काय म्हणाला तेही मिस्त्रींनी एक दिवस सांगून टाकलं, चहा पिता पिता, नळाचं सांगावं तसं. काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं." मिस्त्री म्हणाले, "मला वाटलंच." मग दोघं कारखान्यातल्या बाकावर बसायची तशी गप्प बसली.

रोज सकाळी काकू आत, दार बंद, आणि मिस्त्री बाहेर पालथ्या बादलीवर, दाराकडे पाठ करून, मांडीवर टॉवेल. दर थोड्या वेळानं विचारायचे, "झालं का?"

"नाही."

"झालं का?"

"अहो, कंडक्टरची सीट मला दिलीत आणि घंटी तुम्ही वाजवताय. झालं की येईन ना बाहेर."

"बरं." आणि थोड्या वेळानं, "झालं का?"

दोन महिने हे असंच चाललं. काकू वैतागायच्या. हा माणूस बाहेर बसलाय तोवर दार लागूनही लागल्यासारखं नाही, असं त्यांना वाटायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "उद्यापासून नाही विचारणार." पण दुसऱ्या दिवशी विचारलंच.

मग एका सकाळी त्यांनी खरंच विचारलं नाही. काकूंनी आधी पाय धुतले, मग केस. साबण हातातून सुटला, खाली पडला, आणि त्यांनी तो शांतपणे पायानं ओढून उचलला. बाहेर आवाज नव्हता. काकूंना बरं वाटलं. झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यांना काही तरी बरं वाटलं. शेवटी यांची खात्री पटली म्हणायची, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि पाणी आणखी थोडा वेळ चालू ठेवलं. मानेवरचा फेसही नीट काढला. मग गाऊन घातला, दांडा धरला आणि एका बोटानं दार सरकवलं.

मिस्त्री बादलीवरच होते, भिंतीला टेकून. टॉवेल मांडीवर होता, कोरडा, नीट घडी घातलेला.

मिस्त्री गेले ते त्याच साली, ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, बुधवारी, सकाळी सव्वाआठच्या सुमाराला. जुळं तेव्हा चार महिन्यांचं होतं.